डाव चालू असताना चॅटमध्ये काय बोलावे आणि कधी गप्प राहावे?

सातवी_खुर्ची:

नमस्कार. मी सुमारे सहा महिन्यांपासून ऑनलाइन टेक्सास होल्डेम, म्हणजे हातातले दोन आणि टेबलवरचे पाच सामाईक पत्ते मिळून खेळायचा पोकर, खेळत आहे. खेळाचे नियम आता अंगवळणी पडले आहेत, पण टेबलवरच्या चॅटचे अलिखित संकेत अजून नीट उमगलेले नाहीत आणि त्यामुळेच परवा एका स्पर्धेत माझी चांगलीच पंचाईत झाली.

मला बदामाचा राजा आणि बदामाची दुर्री आली होती. माझ्या आधीच्या खेळाडूने रेझ केल्यामुळे (पैज वाढवल्यामुळे) मी ते पत्ते फ्लॉपपूर्वीच, म्हणजे पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्यापूर्वीच, टाकले. फ्लॉपवर नेमके दोन बदाम पडले, टर्नवर (चौथ्या सामाईक पत्त्यावर) काळा पत्ता आला आणि डावात दोनच खेळाडू उरलेले असताना मी हळहळून चॅटमध्ये लिहिले, "बदामाचे दोन पत्ते टाकून बसलो!" तोपर्यंत एकाने पैज लावलेली होती आणि दुसरा विचार करत होता. माझे वाक्य उमटल्यावर त्या दुसऱ्याने काही क्षणांत पत्ते टाकले. ज्याने पैज लावली होती, म्हणजे ज्याला तो पॉट (त्या डावात जमलेल्या चिप्स) मिळाला, त्यानेच मला जे काही सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही. थोड्या वेळाने माझी चॅट एका दिवसासाठी बंद केल्याची सूचना आली.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मी डावातून बाहेर पडलेलो असताना माझ्या बोलण्याने कोणाचे काय बिघडले, आणि पॉट जिंकलेला माणूसच का चिडला? हरलेले खेळाडू मला "फिश", म्हणजे कच्चा खेळाडू, म्हणून हिणवतात, तेव्हा त्यांना उत्तर द्यावे की नाही? आणि हे सगळे टाळण्यासाठी चॅटची खिडकीच कायमची बंद ठेवणे शहाणपणाचे आहे का?

रिव्हरचा_वाटसरू:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देतो, कारण त्याशिवाय त्या खेळाडूचा संताप कळणार नाही. (त्याचे शब्द मात्र कोणत्याही हिशोबाने समर्थनीय ठरत नाहीत.)

समजा पॉटमध्ये १०० चिप्स होत्या आणि टर्नवर २५ ची पैज लागली. विचार करत बसलेल्या खेळाडूच्या हातात दोन बदाम होते असे धरू, म्हणजे तो फ्लशच्या (इथे पाच बदामांच्या) पाचव्या पत्त्याची वाट पाहत होता. त्याने २५ भरले तर पॉट १५० चा होतो. म्हणून कॉल (पैजेएवढ्या चिप्स भरणे) परवडण्यासाठी त्याला किमान १६.७ टक्के संधी हवी. त्याला स्वतःचे दोन आणि टेबलवरचे चार असे सहा पत्ते दिसत आहेत. न दिसणाऱ्या ४६ पत्त्यांत ९ बदाम आहेत, तेव्हा त्याची संधी १९.६ टक्के, आणि कॉल योग्य. आता तुम्ही जाहीर केलेत की त्यांतले दोन बदाम तुमच्याकडे होते. उरले ४४ पत्ते आणि ७ बदाम, संधी १५.९ टक्क्यांवर आली आणि तोच कॉल तोट्याचा झाला. रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या सामाईक पत्त्यावर) आणखी काही चिप्स मिळवता येतील ही शक्यता मी इथे हिशोबात धरलेली नाही, पण मुद्दा त्यामुळे बदलत नाही.

आता पैज लावणाऱ्याच्या जागी बसून पाहा. त्याने २५ हा आकडा अशा बेताने निवडला होता की फ्लशच्या आशेवरचा खेळाडू कॉल करायला तयार होईल. प्रत्यक्षात दोन बदाम बाहेर गेलेले असल्यामुळे तो कॉल प्रतिस्पर्ध्याच्या तोट्याचा आणि याच्या फायद्याचा ठरला असता. तुम्ही प्रतिस्पर्ध्याला सावध केलेत. पॉट जिंकूनही तो माणूस का चिडला, याचे उत्तर हेच आहे. त्याने आखलेली खेळी त्याच्या प्रतिस्पर्ध्याने नव्हे, तर डावात नसलेल्या तिसऱ्याच माणसाने उलगडून दाखवली.

पोकरमध्ये यासाठी एक जुना नियम आहे: एका हातामागे एकच खेळाडू. निर्णय ज्याचा आहे त्याने तो स्वतःच्या माहितीवर, कोणाचाही सल्ला किंवा इशारा न घेता करायचा. २००१ साली स्थापन झालेल्या पोकर टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमावलीतही हे तत्त्व आहे आणि त्याला जोडूनच, चालू किंवा टाकलेल्या पत्त्यांविषयी बोलणे आणि डाव सुरू असताना सल्ला देणे निषिद्ध मानले आहे. खेळाडू डावात असो वा नसो, बंधन दोघांनाही सारखेच लागू होते.

आणखी एक सांगायला हवे, कारण नवे खेळाडू इथे हमखास चुकतात. पत्त्याचे नाव घेतले नाही म्हणजे माहिती दिली नाही, असे नसते. फ्लॉपवर दोन सत्त्या पडल्या आणि पत्ते टाकून बसलेल्या एखाद्याने नुसते "अरेरे" लिहिले किंवा कपाळावर हात मारणारे चित्र पाठवले, तर त्याने एक सत्ती टाकली हे साऱ्या टेबलला कळते. सात अंकाचे न दिसणारे पत्ते दोन राहिले आहेत असे धरून चाललेल्या खेळाडूला अचानक कळते की एकच उरला आहे. म्हणून पॉट कोणाच्या तरी नावावर जमा होईपर्यंत झाकली मूठ झाकलेलीच असू द्यावी. त्यानंतर हळहळायला कोणाची हरकत नसते.

जुना_डीलर:

वरचे उत्तर पत्ते टाकलेल्या खेळाडूपुरते अगदी बरोबर आहे. पण त्यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की डाव चालू असताना तोंड उघडणे हाच गुन्हा आहे. मी बरीच वर्षे समोरासमोरच्या टेबलवर पत्ते वाटले आहेत, आणि माझ्या मते डावात उरलेल्या दोघांनी एकमेकांशी बोलणे, डिवचणे, खोटे सांगणे हा खेळाचाच एक भाग आहे. तो काढून टाकला तर पोकर निव्वळ त्रैराशिकाचे गणित होऊन बसेल.

२००६ सालच्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ८,७७३ जण उतरले होते आणि ती जेमी गोल्डने जिंकली. त्याच्या खेळाची खूणच त्याची बडबड होती. तो प्रतिस्पर्ध्यांना आपल्या पत्त्यांविषयी कधी खरे सांगत असे, कधी खोटे, आणि समोरचा त्या खऱ्याखोट्याच्या जाळ्यात अडकत असे. त्याचे ते वागणे नियमांच्या कडेवर होते, आणि कडेच्या अलीकडे की पलीकडे यावर आजही वाद घालता येतो. २०१६ सालच्या मुख्य स्पर्धेत विल कॅसूफने हाच मार्ग टोकाला नेला. प्रत्येक मोठ्या निर्णयापूर्वी तो कित्येक मिनिटे बोलत राही, समोरच्याला छेडत राही आणि घड्याळ खात राही. अखेर पंचांनी त्याला ताकीद दिली आणि दंडही केला. शेवटी त्याचे राजे ग्रिफिन बेंजरच्या एक्क्यांसमोर पडले आणि तो १७ व्या क्रमांकावर बाहेर गेला, तेव्हा टेबलभोवती जो जल्लोष झाला त्यातून लोकांच्या मनात किती साचले होते ते दिसले. मला विचाराल तर कॅसूफची चूक बोलण्यात नव्हती. त्याने इतरांचा वेळ आणि उसंत हिरावून घेतली, ती चूक होती.

ऑनलाइन खेळात हे चित्र थोडे बदलते. चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, आणि विचारासाठी मोजकेच सेकंद असतात. त्यामुळे "माझ्याकडे काही नाही, कॉल कर" असे लिहिण्याचा परिणाम फारच कमी होतो. उलट टंकणारा स्वतःच उघडा पडतो. सतत गप्पा मारणारा माणूस एखाद्या डावात एकाएकी अबोल झाला, तर त्याच्या हातात काहीतरी मोठे आले आहे असा अंदाज मी बांधतो, आणि हा अंदाज मला अनेकदा उपयोगी पडला आहे.

मात्र एक बोलणे कधीही खपवून घेऊ नये. कमी चिप्स असलेला खेळाडू ऑल-इन झालेला आहे, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स लावल्या आहेत, त्याच्याविरुद्ध दोघे उरले आहेत आणि त्यांपैकी एकजण चॅटमध्ये लिहितो, "आपण शेवटपर्यंत चेकच करू या." चेक म्हणजे पैज न लावता पुढे जाणे; पुष्कळांना हे भाबडेपणाने लिहिलेले वाटते. दोघांनी आपापल्या विचाराने चेक करत जाणे, जेणेकरून तिसरा बाहेर पडण्याची शक्यता वाढेल, हे स्पर्धेतले सामान्य डावपेच आहेत. तेच शब्दांत ठरवून केले की ती संगनमताची खेळी होते, आणि तिचा बळी असतो तो ऑल-इन झालेला, ज्याला आता एक शब्दही बोलून उपयोग नसतो.

मौनी:

मी तिसऱ्या प्रश्नापुरतेच लिहितो. चॅट बंद ठेवा. गेली चार वर्षे मी ती उघडलेली नाही आणि माझे काहीही अडलेले नाही. पूर्वी एखाद्याने रिव्हरवर नशिबाने पत्ता मिळवून वर खिजवले, की पुढचे वीस-पंचवीस डाव मी त्याच्यावर सूड उगवण्यासाठी खेळत असे आणि रात्रीच्या शेवटी चिप्स सगळीकडे वाटून मोकळा होत असे. खिडकी मिटल्यापासून टिल्ट, म्हणजे संतापाच्या भरात वाईट खेळणे, पूर्ण गेला असे म्हणणार नाही, पण त्याचे एक मोठे कारण नक्कीच गेले.

जुना_डीलर:

मौनी यांचा मार्ग त्यांच्या स्वभावाला मानवला आहे, तेव्हा त्यावर मी वाद घालणार नाही. पण शिकाऊ खेळाडूने सुरुवातीलाच कान झाकून घेतले, तर टेबलवरची भाषा त्याला कधीच कळणार नाही. आणि त्या भाषेत अर्थ शब्दांपेक्षा बोलणाऱ्याच्या जागेवर अधिक अवलंबून असतो. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

"एनएच" म्हणजे छान डाव, ही दाद हरलेल्याने द्यायची असते. जिंकलेल्याने स्वतःच्या विजयानंतर ती लिहिली तर तो टोमणा होतो, आणि दोनच पत्ते वाचवू शकत असताना नशिबाने जिंकून लिहिली तर जखमेवर मीठ. जिंकलेल्याला दाद मिळाली की त्याने "टीवाय" म्हणजे धन्यवाद लिहून विषय संपवावा. "जीजी", म्हणजे खेळ चांगला झाला, हे शब्द बाहेर पडणाऱ्याच्या तोंडी शोभतात. प्रतिस्पर्ध्याकडे अजून पंधरा ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीच्या सक्तीच्या पैजा) भरण्याइतक्या चिप्स शिल्लक असताना त्याला कोणी "जीजी" लिहिले, तर त्याचा अर्थ "तू संपलास" असाच घेतला जातो. "दुर्दैव तुमचे" हे वाक्यही जिंकलेल्याने जपून वापरावे. मनापासून म्हटलेले असले तरी ते पडद्यावर कोरडेच उमटते, कारण लिहिणाऱ्याचा स्वर सोबत जात नाही. मी स्वतः अशा वेळी काहीच लिहीत नाही.

न लिहिताही उद्धटपणा करता येतो, हे विसरू नये. समोरचा ऑल-इन झाला आहे, तुमच्या हातात अजिंक्य पत्ते आहेत, विचार करण्यासारखे काही उरलेले नाही, आणि तरीही तुम्ही राखीव वेळाचा शेवटचा सेकंद उलटेपर्यंत त्याला आशेवर झुलवत ठेवता. याला स्लो रोल म्हणतात, आणि मी त्याला शिवीपेक्षा वाईट समजतो. याच्या उलट, कोणी खरोखर विचार करत असताना "लवकर", "झोपलास का" असे ठोकत राहणेही तितकेच गैर आहे. तो एकाच वेळी चार टेबलांवर खेळत असेल, त्याची जोडणी तुटली असेल, किंवा त्याच्यापुढे संपूर्ण स्पर्धेचा निर्णय असेल. नेमून दिलेला वेळ त्याच्या हक्काचा आहे.

पडद्यामागून:

मी काही काळ अशा एका ठिकाणी चॅटवर देखरेख करण्याचे काम केले आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर लिहिण्याचा थोडा अधिकार माझ्याकडे आहे.

तुम्हाला कोणी हिणवले तर उत्तर देऊ नका. हे मी सभ्यतेसाठी सांगत नसून हिशोबाने सांगते. तक्रार आली की आम्ही त्या डावाच्या आगेमागे झालेला सगळा संवाद काढून वाचत असू; अनेक ठिकाणी चॅटमधले प्रत्येक वाक्य डावाच्या नोंदीसोबतच जपून ठेवलेले असते. एकाने शिवी दिली आणि दुसरा गप्प राहिला, तर निर्णयाला अर्धे मिनिटही लागत नसे. पण दुसऱ्यानेही उचलली जीभ लावली टाळ्याला असे केले असेल, तर सुरुवात कोणी केली या वादात आम्ही सहसा शिरत नसू आणि दोघांचीही चॅट बंद होत असे. तेव्हा त्या खेळाडूला तुमच्यापुरता म्यूट करा, शिवीगाळ असेल तर तक्रारीचे बटण दाबा, आणि पुढच्या डावाकडे लक्ष द्या.

"फिश" म्हणणाऱ्यांविषयी एक गंमत सांगते. अनुभवी खेळाडूंमध्ये म्हण आहे की माशांच्या पेटीची काच ठोठावू नये. कच्च्या खेळाडूला टेबलवर नावे ठेवली की दोनच गोष्टी होऊ शकतात: एक तर तो वैतागून उठून जातो, नाही तर सावध होऊन बरा खेळू लागतो. दोन्हींत नुकसान नावे ठेवणाऱ्याचेच. त्यातच काही पंडित "त्या जागेवरून एक्का-नव्वीने कोणी कॉल करते का?" असे सविस्तर व्याख्यान देतात, म्हणजे आपण कसा विचार करतो याची फुकट शिकवणी साऱ्या टेबलला देऊन टाकतात. तुम्ही शिकाऊ आहात; अशी व्याख्याने मुकाट्याने वाचत जा आणि त्या खेळाडूच्या नावापुढे टिपण करून ठेवा.

शिव्यांपेक्षा आमचे अधिक लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे असे: इतरांना न समजणाऱ्या भाषेत चाललेला दोघांचा संवाद. त्या दोघांनी जेवणखाणाच्या गप्पा मारल्या तरी बाकीच्या सात जणांना ते कळण्याचा मार्ग नसतो, आणि शंका यायला तेवढे पुरते. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी टेबलवर एकच ठरलेली भाषा वापरण्याचा नियम असतो. नवे लोक त्याला आढ्यता समजतात. खरे तर तो नियम पत्त्यांचे रक्षण करण्यासाठी आहे.

अंतिम टेबलवर बक्षीस वाटून घेण्याची बोलणी मात्र चॅटमध्येच व्हायला हवीत आणि तीही खेळ अधिकृतपणे थांबवून, देखरेख करणाऱ्याच्या समोर. "तू मला पुढे जाऊ दे, नंतर आपण बघू" असली वाक्ये मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहेत. ती लिहिणाऱ्यांपैकी काहींना आपण काय कबूल केले आहे याची जाणीवही नव्हती.

सातवी_खुर्ची:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १९.६ आणि १५.९ हे आकडे पाहिल्यावर माझी चूक लख्ख दिसली. इतके दिवस मी टाकलेल्या पत्त्यांना निरुपयोगी समजत होतो.

आता एक कबुली देतो, कारण वरचे उत्तर वाचल्यापासून ती मनात सलते आहे. माझा एक मित्र आणि मी पुष्कळदा एकाच टेबलवर खेळतो आणि खेळताना फोनवर गप्पा मारतो. एकमेकांना जिंकवावे असा आमचा कधीच हेतू नसतो, उलट आम्ही एकमेकांवर ब्लफ करतो. पण पत्ते टाकल्यावर "माझ्याकडे काय होते सांगू का" असे सहज बोलले जाते. चॅटमध्ये आम्ही काहीच लिहीत नाही, त्यामुळे यात कोणाला त्रास होत असेल असे वाटले नव्हते.

पडद्यामागून:

तुम्ही विचारलेत हे चांगले केलेत, कारण हे तुमच्या त्या वाक्यापेक्षा गंभीर आहे.

तुम्ही चॅटमध्ये लिहिलेत तेव्हा निदान नऊच्या नऊ जणांनी ते एकाच वेळी वाचले. माहिती चुकीच्या वेळी बाहेर पडली, पण सर्वांना सारखी मिळाली. ज्याचे नुकसान झाले त्याला ते दिसले, त्याला चिडता आले, तक्रार करता आली. फोनवर मित्राने "मी राणी टाकली" म्हटले तर ते फक्त तुम्हालाच कळते. समजा फ्लॉपवर राणी, अठ्ठी आणि तिर्री आहे, तुमच्याकडे दोन राजे आहेत, आणि समोरच्याकडे एक्का-राणी आहे की तीन राण्या झाल्या आहेत याचा तुम्ही विचार करत आहात. एरवी एक्का-राणीच्या १२ जोड्या शक्य असतात आणि राणीच्या जोडीच्या ३. मित्राची राणी कळताच त्या १२ च्या ८ होतात आणि ३ ची अवघी १. समोरचा खेळाडू अशा एका प्रतिस्पर्ध्याशी खेळतो आहे ज्याला बावन्न पत्त्यांतला एक जास्त दिसतो, आणि हे त्याला कधीच समजणार नाही. तुमचा हेतू काय होता, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने उद्भवतच नाही.

तपासणाऱ्याच्या दृष्टीनेही उद्भवत नाही. दोन खाती वारंवार एकाच टेबलवर दिसली की त्यांच्या डावांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या जातात: एकाने पत्ते टाकल्यावर दुसऱ्याच्या खेळण्यात काही फरक पडतो का, एकमेकांविरुद्ध ते नेहमीपेक्षा सौम्य खेळतात का. त्यात जे सापडते त्याची शिक्षा एका दिवसाच्या चॅटबंदीवर थांबत नाही, खाते बंद होते.

रिव्हरचा_वाटसरू:

याला जोडून एवढेच सांगतो की, मित्र टेबलवर नसून नुसता शेजारी बसून पाहत असला तरी "इथे फोल्ड कर" (पत्ते टाक) हे त्याचे वाक्य त्याच नियमाखाली येते. हात तुमचा, तर निर्णयही तुमचाच. डाव संपल्यावर दोघांनी मिळून त्याची हवी तेवढी चिरफाड करावी; शिकण्याचा माझ्या माहितीतला तो सर्वांत चांगला मार्ग आहे.

सातवी_खुर्ची:

काल मित्राशी बोललो. त्याने आधी "एवढे काय त्यात" म्हणून उडवून लावले, मग मी त्याला राण्यांचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. आता आम्ही एका वेळी एकाच टेबलवर बसणार नाही, आणि खेळताना फोनही करणार नाही. त्याची एकच अट आहे: रात्री दोघांचे खेळ संपल्यावर मी त्याचे सगळे बॅड बीट (चांगले पत्ते असूनही दुर्दैवाने हरलेले डाव) न कंटाळता ऐकून घ्यायचे.